सुभेदारीणकाकीचं निळं औषध

कोंबडी धरावी ती सुभेदारीणकाकीनं. बाकीच्या बायका कोंबडीमागं अंगणभर पळायच्या, पदर सुटायचे, कोंबडी पत्र्यावर जाऊन बसायची. काकी तशी पळत नसे. उकिडवी बसून मूठभर कण्या टाकायची, कोंबडी जवळ आली की दोन्ही पंख एका हातात. मग तिला मांडीवर उलटी घ्यायची, बोटांनी छातीचं हाड चाचपायची आणि मालकिणीकडं न बघताच निकाल द्यायची. "मांस न्हाई हिच्या अंगावर. तू टाकतीस ते दुसरंच कोनतरी खातंय आतनं."

कडेगावच्या खालच्या अंगाला आमचं गाव. लग्न होऊन मी तिथं आले तेव्हा बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली असतील. माझे मालक फौजेत, त्यामुळं घरात मी आणि सासूबाई. शेजारचं घर सुभेदारांचं. ते पेन्शनीत येऊन ऊस करत होते. माणूस अबोल. त्यांच्या वाट्याचंही काकीच बोलायची. नवऱ्याबरोबर तिनं बरीच वर्षं छावण्यांमध्ये काढली होती आणि येताना तिथून दोन गोष्टी आणल्या होत्या. एक तिची हिंदी आणि दुसरी औषधांची हिरवी पत्र्याची ट्रंक.

हिंदी तिच्या बोलण्यात कुठंही घुसायची. "फौरन ये," "लाइनीत बसा," "हुकूम म्हंजी हुकूम." कोंबड्यांची नावंही छावण्यांची होती. अंबाला, जबलपूर, मेरठ. "जबलपूर अंड्यावर बसलीया, तिकडं जाऊ नगंस," असं तिनं मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी नुसती बघतच राहिले होते.

ट्रंकेत आयोडीन होतं, एरंडेल होतं, मलमाच्या डब्या होत्या आणि चिठ्ठ्या निघून गेलेल्या कितीतरी बाटल्या. काकीला वाचता येत नव्हतं. बाटली ती रंगावरून आणि वासावरून ओळखायची. वर्षातून एकदा गल्लीतल्या पोरांना ओट्यावर ओळीनं बसवून एरंडेल पाजायची. पोरं रडायची, आया हसायच्या. माझ्या पाठीला गळू झालं तेव्हा तिनं पोटीस बांधून, फोडून, धुऊन ते असं बरं केलं की खूण राहिली नाही. सासूबाई म्हणाल्या होत्या, एकदा डॉक्टरांना दाखवून घेऊ या. त्यावर काकी म्हणाली, "डाक्तरला काय चार हात असत्यात?"

ती चुकते असं कुणी पाहिलं नव्हतं. निदान तसं कुणी बोललं तरी नव्हतं.

गल्लीच्या टोकाला भागूचं खोपाट होतं. ही माणदेशातली, दहिवडीच्या बाजूची. दुष्काळात मेंढरं विकून नवरा-बायको ऊस तोडायला आले आणि इथंच राहिले. पदरात एक लहान मुलगी. भागू बोलायला कमी, कामाला चटपटीत. काकीचा तिच्यावर जीव होता. भागूच्या मुलीला खोकला झाला की काकी ओव्याची पुरचुंडी घेऊन स्वतः जायची. भागूनं दहिवडीच्या बाजारातून दोन कोंबड्या आणल्या, त्याही काकीनंच मांडीवर घेऊन पारखल्या होत्या. "चांगल्या हाईत. टिकवून ठेव," म्हणाली होती.

एका वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला गल्लीतल्या कोंबड्या खंगायला लागल्या. तुरे फिके पडले, अंडी थांबली. समोरच्या इंदूच्या कोंबडीच्या शिटेत शेवयांसारखे पांढरे जंत निघाले. इंदू ते पानावर घेऊन काकीकडं आली. पाठोपाठ बाकीच्या बायकाही आपापल्या कोंबड्या घेऊन आल्या. गावची जत्रा तोंडावर होती. सुट्टीवर येणाऱ्या फौजेतल्या पोरांसाठी, देवाच्या नैवेद्यासाठी, प्रत्येकीनं एखादा कोंबडा राखून ठेवलेला.

काकी मला सोबत घेऊन जनावरांच्या दवाखान्यात गेली. तिथल्या कंपाउंडरनं नीट ऐकून घेतलं. म्हणाला, "जंत गोल हाईत का चपटे, ते बघावं लागंल. दोन्हीचं औषध येगळं असतंय. शीट घेऊन या. आनि कोंबड्यांचं औषध आता संपलंय, सोमवारी येईल."

त्यात अपमान होण्यासारखं काही नव्हतं. पण बाहेर म्हशी घेऊन उभे असलेले बापे हसले. एवढ्या लांबून सुभेदारीण कोंबडीच्या जंतासाठी आली म्हणून हसले असतील. काकी तरातरा पुढं चालत राहिली. ओढ्यापाशी आल्यावर म्हणाली, "गोल आनि चपटे. जंत त्यो जंत."

तिच्या ट्रंकेत मोरचूद होतं. तासगावकडं द्राक्षबागेवर फवारतात ते निळे खडे. धनगर मेंढरांना जंतासाठी मोरचुदाचं पाणी पाजतात हे तिनं ऐकलं होतं, भागूलाही विचारून घेतलं होतं. भागू म्हणाली होती, "मेंढराला पाजत्यात, काकी. कोंबडीचं मला म्हाईत न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर घमेल्यात निळं पाणी तयार होतं. कोंबड्या रात्रीपासून बांबूच्या डालग्याखाली, पाण्याविना. बायका एकेक घेऊन यायच्या. काकी पंख गुडघ्याखाली दाबायची, डाव्या हातानं चोच उघडायची, जिभेच्या कडेनं चमचा सोडायची आणि गळ्यावरून बोट फिरवायची. ठसका लागू न देता औषध पाजायचं तिचं कसब मी त्याआधी आणि त्यानंतर कुणाकडं पाहिलं नाही. सगळ्यांत आधी तिनं आपल्या मेरठला पाजलं.

"काकी, लयच निळं हाय की वो," इंदू म्हणाली.

"मेंढरं पित्यात. जास्ती खंगलीया तिला दोन चमचे."

सुभेदार बैल सोडत होते. जाता जाता थांबले आणि म्हणाले, "सोमवारपतोर दम धरायचा हुतास."

"तुमी उसाचं बघा," काकी म्हणाली. बायका हसल्या. सुभेदार बैल घेऊन निघून गेले.

भागू त्या दिवशी उसातलं तण काढायला, भांगलणीला गेली होती. तिच्या दोन कोंबड्या खोपटातच डालग्याखाली राहिल्या.

संध्याकाळपर्यंत कोंबड्या पिसं फुगवून कोपऱ्यात बसल्या. हिरवट पाण्यासारखी शीट व्हायला लागली. उजाडायच्या आत निम्म्याहून जास्त मेल्या, उरलेल्यांतल्या बऱ्याच त्या दिवसभरात गेल्या. इंदू मेलेली कोंबडी पायाला धरून काकीच्या दारात आली. डोळे भरलेले.

"काकी, ह्ये काय झालं?"

काकीनं कोंबडी हातात घेतली, मान हलवून बघितली, शेपटीखालची हिरवी घाण बघितली. मी शेजारच्या ओट्यावर भांडी घासत होते. काकी म्हणाली, "मानमोडी आली गं. गावात मानमोडी शिरली."

मानमोडी म्हणजे कोंबड्यांचा रोग. त्यातही हिरवी शीट होते, मान वाकडी पडते आणि खुराडीच्या खुराडी रिकामी होतात. उन्हाळ्यात तो रोग यायचाच. आदल्या दिवशी औषध पाजलंय हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण काकीचं औषध आणि मरण, ही दोन एकाच वाक्यात घालायची जीभ आमच्या गल्लीत नव्हती. उलट बायका म्हणाल्या, काकीनं बिचारीनं जीव तोडून केलं, पण रोगापुढं काय चालणार.

दुपारी मी पाणी ओतायला परसात गेले, तर कुडापलीकडं काकी मेलेल्या मेरठला चिरून बसली होती. कोंबडीचं आतडं तिनं दगडावर पसरलं होतं. ते निळसर होतं. मला बघून तिनं त्याच्यावर राख टाकली, सुरी धुतली आणि उठून घरात गेली.

त्या संध्याकाळी कुडाआडून सुभेदारांचा आवाज आला. ते एवढं बोललेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. "मला सांगून काय उपेग? ज्येंच्या मेल्या त्येस्नी सांग."

काकी म्हणाली, "सांगीन. जत्रा होऊ द्या."

रोग आला तर तो कुठून आला, असं दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर सुरू झालं. कुणीतरी म्हणालं, भागूनं बाजारातून कोंबड्या आणल्या. दुसरी म्हणाली, सगळ्यांच्या मेल्या, तिच्या कशा जित्या? तिसरीनं आवाज खाली आणून आणखी काही सांगितलं. माणदेशातल्या बायकांना काय काय येतं, असलं. भागूनं घागर टेकवली तशा बाकीच्यांनी आपल्या घागरी बाजूला ओढून घेतल्या. भांगलणीला जाताना तिला हाक मारायचं बंद झालं. तिची मुलगी खेळायला आली की आया आपल्या पोरांना आत बोलवायच्या.

काकी हे सगळं बघत होती. तिनं कुणाला दुजोरा दिला नाही, हे खरं. बायका तिच्या ओट्यावर बसून भागूबद्दल बोलायला लागल्या की ती उठायची, चूल बघते म्हणायची. तिचा आवाज एकदम उतरला. हिंदी बंद झाली. एकदा मी कापलेलं बोट घेऊन आयोडीन मागायला गेले तर म्हणाली, "न्हाई माझ्याजवळ. संपलंय." ट्रंक तिच्या मागंच होती.

मग जत्रेच्या आधी तीन-चार बायका मिळून भागूकडं गेल्या. त्यांत इंदू होती. माझ्या सासूबाईही होत्या, हे सांगायला मला आज जड जातं. त्यांनी भागूला सांगितलं की रोगाचं मूळ घरात ठेवलंस तर पुढच्या कोंबड्याही मरतील. त्या दोन संपव, मग तुझं आमचं काही भांडण नाही.

भागू ऐकून घेत होती. "रोग न्हाई त्यास्नी," ती म्हणाली. "खात्यात, पित्यात. अंडी देत्यात."

"म्हनूनच," इंदू म्हणाली.

भागूनं डालगं उचललं. कोंबड्या माणसाळलेल्या होत्या, पळाल्या नाहीत. तिनं एकेकीची मान मोडली. मुलगी खोपटाच्या दारात उभी होती, तिला तिनं आत जा म्हणून सांगितलं, ती गेली नाही. मग भागूनं कुदळ घेऊन खोपटामागं खड्डा काढला. खायलासुद्धा ठेवल्या नाहीत.

सुभेदारीणकाकी आपल्या दारात उभी होती. तिथून खोपाट समोर दिसायचं. एक हाक मारली असती तर ऐकू गेली असती. चौकटीला धरलेला तिचा हात मी बघत होते, तो सुटला नाही. बायका परत निघाल्या तेव्हा कुठं ती दारातून आत गेली.

सकाळी मी पाण्याला गेले तर काकी पाणवठ्यावर आधीच येऊन उभी. घागर आणली नव्हती. केस विंचरलेले नव्हते. बायका जमेपर्यंत ती थांबली. भागूही आली, कारण आता तिला बघून कुणी घागर बाजूला ओढून घेणार नव्हतं.

काकी म्हणाली, "मानमोडी बिनमोडी काय न्हवती. माझ्या औषधानं मेल्या. मोरचूद लय झालं. म्या मेरठला फाडून बगितली हुती, आतडं निळं हुतं. त्याच दिवशी मला कळलं हुतं."

मग एक म्हातारी म्हणाली, "जाऊ द्या, काकी. तुमी चांगल्यासाठीच केलं." दुसरीनं मान हलवली. त्यांना ते मिटवायचं होतं. आदल्या दिवशी स्वतः काय केलं हे कुणालाच बघायचं नव्हतं.

"चांगल्यासाठी औषध दिलं," काकी म्हणाली. "मानमोडी म्या कशासाठी म्हनलं?"

तेवढ्यात भागू पुढं झाली. तिचा आवाज चढला नव्हता. तिनं विचारलं, "काकी, काल का न्हाई बोललासा?"

काकी एवढ्या बायकांमध्ये मान खाली घालून उभी राहिली. भागूनं घागर भरली, डोक्यावर घेतली आणि गेली.

जत्रा झाली. काकी जत्रेला गेली नाही. सोमवार कधीचा उलटला होता. ती एकदा मला म्हणाली, "चल, दवाखान्यात जायाचं हाय." उरलेल्या एकट्या अंबालाची शीट तिनं एरंडाच्या पानात बांधून घेतली होती. कंपाउंडरसमोर बापे उभे असतानाच तिनं घडलेलं सगळं सांगितलं, एक शब्द न गाळता. या वेळी कुणी हसलं नाही. कंपाउंडरनं शीट बघितली, गोल जंत आहेत म्हणाला आणि एक बाटली दिली. संध्याकाळी कोंबड्यांचं पाणी काढायचं, सकाळी मोजलेल्या पाण्यात औषध घालून तेवढंच ठेवायचं, संपलं की साधं पाणी. खुराडं खरवडून शीट लांब पुरायची. काही आठवड्यांनी पुन्हा द्यायचं, नाहीतर जंतांच्या अंड्यांतून नवे जंत निघून परत तेच. आणि औषधाच्या दिवसांतली अंडी खायची नाहीत.

काकीनं ते वाटभर घोकलं. घरी आल्यावर मला चिठ्ठी वाचायला लावली, मग परत वाचायला लावली. पाणी मोजायला माझ्याकडून दुधाचं माप नेलं. पाजलं ते फक्त अंबालाला. खुराड्यासमोर ती दिवसभर बसून राहिली. अंबाला जगली, तिचा तुराही पुढं लाल झाला. इंदू बाटली मागायला आली तेव्हा काकी म्हणाली, "मी देनार न्हाई. दवाखान्यात जा, त्येंच्याकडनं घे. मी संगं येती पायजे तर."

ट्रंकेतल्या बिनचिठ्ठीच्या बाटल्या तिनं एका दुपारी उकिरड्याच्या खड्ड्यात ओतल्या. पोरांना एरंडेल पाजणंही बंद झालं. बायका म्हणत, काकी बदलली. मला तसं वाटत नव्हतं. पूर्वी ती सगळ्यांच्या घरात वावरायची, आता स्वतःच्या घरातसुद्धा परवानगी घेतल्यासारखी वावरत होती, एवढंच.

भागूसाठी तिनं माहेराहून दोन तलंगा आणल्या, नुकत्या अंड्यावर आलेल्या. खोपटात नेऊन सोडल्या. भागू नको म्हणाली नाही. पण तिनं त्यांना दाणाही टाकला नाही आणि डालग्याखालीही घेतलं नाही. अंधार पडायच्या वेळी तलंगा आपल्या आपण काकीच्या परसात आल्या. काकीनं पुन्हा नेऊन सोडल्या, त्या पुन्हा आल्या. भागूची मुलगी त्यांच्यामागं थोडी चालत यायची आणि आमच्या कुडापाशी थांबून परत जायची.

त्या पावसाळ्यात माणदेशाकडं पाऊस बरा झाला. भागूच्या नवऱ्यानं चार मेंढरं जमवून पुन्हा गावी जायचं ठरवलं. गल्लीत सगळे म्हणाले की पाऊस झाला म्हणून चालले. ते खरंही असेल.

काकीला मी शेवटची पाहिली ती भागूचं बिऱ्हाड हललं त्या दिवशी. पुढच्याच आठवड्यात माझे मालक सुट्टीवर येऊन मला छावणीत घेऊन गेले. नंतर आम्ही गावी परतलो तेव्हा ती नव्हती.

भागूचा नवरा पेटी घेऊन पुढं गेला होता. भागूच्या एका हाताला मुलगी, डोक्यावर अंथरुणाची वळकटी, आणि भांड्यांचं गाठोडं खोपटाच्या दारात राहिलेलं. काकी गेली आणि तिनं ते गाठोडं उचलून डोक्यावर घेतलं. भागूनं बघितलं आणि चालायला लागली. सासूबाईंनी मला मागून पाठवलं, काकीला एकटीला परत यायला नको म्हणून. स्टँडपर्यंत दोघी एका वाटेनं चालत होत्या, भागू पुढं, काकी मागं. सुभेदारीण डोक्यावर भांडी घेऊन चाललेली बघून शेतातली माणसं वर बघत होती.

दहिवडीची गाडी उभी होती. नवऱ्यानं सामान टपावर चढवलं. काकीनं गाठोडं त्याच्या हातात दिलं आणि गाडीच्या दाराशी उभी राहिली. भागूनं मुलीला वर चढवलं. स्वतः पायरीवर पाय ठेवला, मग मागं वळली.

"जावा आता, काकी. ऊन झालंय."

एवढं बोलून ती आत गेली. तिची जागा पलीकडच्या खिडकीची होती, त्यामुळं पुन्हा दिसली नाही. गाडी हलली. धूळ खाली बसेपर्यंत काकी तिथंच होती.

परत येताना आडवा ओढा ओलांडल्यावर ती म्हणाली, "काय म्हनली गं ती?"

"ऊन झालंय, जावा, म्हणाली."

"त्ये म्या बी ऐकलं. म्हनली कशी?"

मी आठवून बघितलं. भागूच्या आवाजात राग नव्हता, माया होती असंही सांगता येत नव्हतं. उन्हात उभ्या असलेल्या कुठल्याही बाईला म्हणावं तसं ती म्हणाली होती.

"नेहमीसारखं," मी म्हणाले.

काकी रस्त्यातच थांबली. "नेहमीसारखं म्हंजी कवाचं? आदी बोलायची तसं, का हल्ली बोलत हुती तसं? तू जवळ हुतीस. मला गाडीच्या आवाजात नीट कळलं न्हाई."

ती माझ्या तोंडाकडं बघत उन्हात उभी राहिली होती, पदर खांद्यावर घसरलेला, तो सावरायचंही तिच्या ध्यानात नव्हतं.